मुळावर आलेली मागणी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातो. पूर्वी काष्ठौषधींच्या दुकानात सर्पगंधेची मुळी मागितली की दुकानदार लाकडी खणातून काढून देत असे. आता तो ‘नाही’ म्हणतो, आणि कधी दिलीच तर ती पूर्वीच्या मुळीसारखी दिसत नाही. असे का व्हावे? पुष्कळदा पत्राच्या शेवटी एक तक्रारही असते : सरकारने बंदी घातली आणि चांगले औषध हातचे गेले.

तक्रार समजण्याजोगी आहे. वयाच्या सत्तरीत रक्तदाब, निद्रानाश आणि सांधेदुखी यांच्याशी झुंजणाऱ्या माणसाला कायद्याच्या कलमांशी काय कर्तव्य? परंतु बंदी आली म्हणून मुळी दुर्मिळ झाली, की मुळी दुर्मिळ झाली म्हणून बंदी आली, हे नीट पाहिल्यावाचून या तक्रारीचा निवाडा करता येत नाही. रानातील औषधी वनस्पतींची तोड व निर्यात यांवरील नियमांचा विषय आरोग्यविषयक पाक्षिकात यावा, याचे कारण हेच आहे. या नियमांचा एक धागा थेट आपल्या औषधांच्या डबीपर्यंत येतो.

एका मुळीची कीर्ती

सर्पगंधा हे हातभर उंचीचे लहानसे झुडूप. एकेका पेरावर तीन-तीन पानांचे वलय, पांढऱ्या-गुलाबी फुलांचे लाल देठांवरील झुबके आणि पिकल्यावर जांभळट काळी होणारी फळे, ही त्याची ओळख. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत दमट रानांच्या सावलीत ते वाढते. त्याचे औषध मात्र जमिनीखाली, मुळात आणि विशेषतः मुळाच्या सालीत असते. सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर लोकवैद्यकात या कडू मुळीचा वापर फार पूर्वीपासून होत आला. बिहारकडे ती ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखली जाई.

आधुनिक वैद्यकाचे तिच्याकडे लक्ष गेले ते १९३१ च्या सुमारास. त्या वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व मनोविकार यांवरील तिच्या गुणाविषयी लिहिले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी व त्यांच्या सहकाऱ्याने तिच्यातील काही क्षाराभ द्रव्ये वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. पुढचे पाऊल मुंबईत पडले. येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगभरच्या वैद्यांच्या नजरा या झुडपाकडे वळल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. पाठोपाठ अमेरिकेतील मनोरुग्णालयांत त्याचा वापर सुरू झाला. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

कीर्तीबरोबर मागणी आली. प्रयोगशाळेत रिसर्पीन बनविण्याची रीत रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये जगापुढे मांडली खरी. पण ती लांबलचक होती आणि मुळातून द्रव्य काढणे तिच्यापेक्षा स्वस्त पडत होते. आफ्रिकेतील एका सजातीय वृक्षातूनही पुढे रिसर्पीन काढले जाऊ लागले. तरीही भारतीय मुळीची ओढ थांबली नाही. सर्पगंधेचे मूळ काढायचे म्हणजे झुडूप उपटायचे. ते मागे उरत नाही. फळे पिकण्याआधी उपटले तर त्याचे बी-बियाणेही जाते. शिवाय तिच्या बियांपैकी रुजणाऱ्या थोड्याच असतात आणि रुजलेल्या रोपाचे मूळ उपयोगी पडायला दीड ते तीन वर्षे लागतात. ज्या गतीने रान देत होते, त्याहून अधिक गतीने बाजार घेत होता. एखाद्या गोष्टीच्या ‘मुळावर येणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. येथे तो अक्षरशः खरा ठरला.

फळ, पान, साल आणि मूळ

वनौषधींच्या नियमनाची निकड समजून घ्यायची असेल, तर औषधासाठी वनस्पतीचा कोणता भाग घेतला जातो, हे प्रथम विचारावे. फळ घेतले तर झाड जगते. पान बेताने खुडले तर पुन्हा फुटते. साल सोलण्यात धोका आहे. खोडाभोवती पूर्ण कडे सोलले तर उभे झाड वाळते. मूळ किंवा कंद काढला तर बहुधा ती वनस्पतीच संपते.

आपल्या घरातील औषधे या कसोटीला लावून पाहा. त्रिफळा चूर्णात आवळा, हिरडा आणि बेहडा, म्हणजे तिन्ही फळे. अडुळशाचे पान कुंपणावरून खुडता येते. अशोकारिष्टातील अशोक सालीसाठी सोलला जातो. जटामांसी, कुटकी, कोष्ठ ऊर्फ उपलेट आणि सर्पगंधा यांची मात्र जमिनीखालची संपत्तीच उपसावी लागते. त्यातही जटामांसी व कुटकी या हिमालयाच्या उंच, थंड उतारांवरच्या वनस्पती. तेथे वाढीचा काळ वर्षातून काही महिन्यांचाच असल्याने खणलेली जागा पुन्हा भरून यायला फार वेळ लागतो. जटामांसीची गणना आज जागतिक तांबड्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात होते.

मागणीचा आवाकाही ध्यानात घेण्यासारखा आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळासाठी झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १,१७८ औषधी वनस्पतींचा व्यापार चालतो. २०१४-१५ या वर्षाची एकूण मागणी सुमारे ५ लाख १२ हजार टन होती आणि त्यातील सुमारे १ लाख ३४ हजार ५०० टन माल निर्यातीचा होता. ज्यांची उलाढाल वर्षाला १०० टनांहून अधिक आहे अशा २४२ वनस्पतींपैकी सुमारे सात दशांश प्रामुख्याने रानातून येतात. शेतातून नव्हे, रानातून. हे वाक्य जरा थांबून वाचावे.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. रानातली मुळी कोणी पेरलेली नसते, तिला कोणी पाणी घातलेले नसते, तीन वर्षे तिची राखण केलेली नसते. म्हणून तिच्या किमतीत खणणाऱ्याची मजुरी असते, पण पिकवण्याचा खर्च नसतो. शेतकऱ्याने तीच मुळी लावली तर त्याला हा सारा खर्च धरावा लागतो आणि बाजारात तो रानाच्या भावापुढे टिकत नाही. रानातील माल संपत येईपर्यंत शेतीला भाव मिळत नाही आणि भाव मिळू लागतो तेव्हा रान रिकामे झालेले असते. बाजार एकट्याने हे चक्र मोडू शकत नाही. नियमांची गरज येथे उत्पन्न होते.

तीन दारे

रानातून निघालेल्या मुळीला परदेशी पोहोचेपर्यंत कायद्याची तीन दारे ओलांडावी लागतात.

पहिले दार जंगलाचे. १९२७ च्या वन कायद्याखाली वनोपजाच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियंत्रण असते. त्याला २००६ च्या वनहक्क कायद्याने एक महत्त्वाची जोड दिली : पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगणाऱ्या आदिवासी व अन्य वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा मालकी हक्क मिळाला. गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळ्या व कंद यांचा स्पष्ट समावेश आहे. ग्रामसभेला आपल्या रानाची राखण करण्याचा अधिकारही याच कायद्याने दिला.

दुसरे दार जैवविविधतेचे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने चेन्नईला राष्ट्रीय प्राधिकरण, राज्याराज्यांत मंडळे आणि गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या अशी रचना उभी केली. आपल्या राज्याचे मंडळ नागपूरला आहे. व्यापारासाठी रानातील माल नेणाऱ्याकडून गावच्या समितीला शुल्क आकारता येते आणि कंपन्यांनी नफ्यातील वाटा समाजाला परत द्यावा, असे या कायद्याचे तत्त्व आहे. भारतीय कंपन्यांनाही हे तत्त्व लागू आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. २०२३ च्या दुरुस्तीने आयुष पद्धतीचे वैद्य, ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवडीतील औषधी वनस्पती यांना सवलती दिल्या. लागवडीला प्रोत्साहन म्हणून त्यांचे स्वागत झाले, तर गावाचा वाटा कमी होईल अशी टीकाही झाली.

तिसरे दार सीमेचे. दुर्मिळ प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा ‘साइट्स’ हा करार १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे झाला आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. त्याच्या पहिल्या परिशिष्टातील रानटी वनस्पतींचा परदेशी व्यापार जवळजवळ बंद असतो. कोष्ठ १९८५ पासून त्यात आहे. दुसऱ्या परिशिष्टातील वनस्पतींचा व्यापार परवान्यानेच होतो आणि या निर्यातीने रानातील त्या वनस्पतीच्या अस्तित्वाला बाधा येणार नाही, असा शास्त्रीय निर्वाळा परवान्याआधी मिळावा लागतो. सर्पगंधा १९९० पासून, तर जटामांसी व कुटकी १९९७ पासून या परिशिष्टात आहेत. याखेरीज आपल्या परदेश व्यापार विभागाच्या यादीत २९ वनस्पती व वनस्पतिगट असे आहेत, की त्यांचा रानातून काढलेला कच्चा माल निर्यात करता येत नाही. सर्पगंधा, जटामांसी, कुटकी, कोष्ठ आणि काडेचिराईत ही नावे त्यात आढळतील. लागवडीतील मालाला मात्र तसा दाखला दाखवून परवानगी मिळू शकते.

म्हणजे ‘बंदी’ हा शब्द आपण वाटेल तेथे वापरतो, पण कायद्याची भाषा त्याहून नेमकी आहे. शेतात पिकवलेल्या सर्पगंधेवर आणि तिच्यापासून वैद्यकीय देखरेखीखाली घेतलेल्या औषधावर त्याने घाला घातलेला नाही. रानातील मूळ ओरबाडून परदेशी पाठवण्याला त्याने अटकाव केला आहे.

दारांतील फटी

दारे तीन असली, तरी फटी पुष्कळ आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही.

पहिली फट तयार मालाची. साइट्स करारात दुसऱ्या परिशिष्टातील या मुळ्यांच्या बाबतीत किरकोळ विक्रीसाठी बांधलेली तयार उत्पादने नियंत्रणाबाहेर ठेवली आहेत. म्हणून पोत्यातील मुळी सीमेवर अडते, पण तीच मुळी गोळ्यांच्या डबीत गेली की सहसा अडत नाही. रानाच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही.

दुसरी फट ओळख पटवण्याची. वाळलेल्या मुळीचे तुकडे एकमेकींसारखे दिसतात आणि पूड झाल्यावर तर जाणकारही डोळ्यांनी सांगू शकत नाही. सूक्ष्मदर्शक, रासायनिक चाचणी किंवा जनुकीय तपासणी करावी लागते, आणि ती प्रत्येक नाक्यावर होणे शक्य नाही.

तिसरी फट न्यायाची आहे आणि ती सर्वांत अधिक टोचणारी आहे. रानात खणणारा, गावचा व्यापारी, शहरातील आडत्या, कारखानदार आणि निर्यातदार अशी ही साखळी. तपासणी नाक्यावर सर्वांत सहज सापडतो तो पहिला, डोक्यावर गाठोडे वाहणारा माणूस. साखळीतील सर्वांत कमी पैसा मिळतो तोही त्यालाच. ज्याला उद्याच्या रेशनची चिंता आहे, त्याला ‘तीन वर्षे थांब, फळे पिकू दे’ असे केवळ दंडाच्या धाकाने सांगून चालत नाही. थांबणे त्याला परवडावे, अशी व्यवस्था नियमात असावी लागते. त्यावाचून नियम कागदावर राहतो आणि खणणे रात्री चालते.

भीमाशंकरचा बेहडा

अशी व्यवस्था उभी राहू शकते, याचे एक उदाहरण आपल्याच सह्याद्रीत आहे. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरच्या परिसरात बेहड्याचे प्रचंड जुने वृक्ष आहेत. त्यांच्या ढोलींत धनेश पक्षी घरटी करतात. पुण्यातील ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने तेथील महादेव कोळी समाजाच्या लोकांबरोबर बेहडा व हिरडा यांची फळे ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार गोळा करण्याचे काम सुरू केले. किती झाडे, किती फळे, किती रानात सोडायची यांची नोंद, गोळा करणाऱ्याला रास्त दाम आणि माल कोठून कोठे गेला याचा माग, या त्या मानकाच्या मुख्य अटी. हे फळ पुढे ब्रिटनमधील वनौषधी कंपनीपर्यंत गेले. परदेशी बाजार येथेही आहे. फरक इतकाच की उभ्या झाडाला तोडलेल्या लाकडापेक्षा अधिक मोल आले. त्यामुळे झाडही राहिले आणि धनेशाची ढोलीही.

अर्थात, फळाला लागू पडलेली रीत मुळीला जशीच्या तशी लागू पडणार नाही. मूळ घेणाऱ्या वनस्पतींसाठी लागवड हाच मुख्य मार्ग आहे. कोष्ठाची शेती हिमाचलातील लाहौलमध्ये दीर्घकाळ होत आली आहे. सर्पगंधेची लागवडही करता येते. तिला हवा आहे तो हमीचा खरेदीदार आणि रानातल्या चोरट्या मालाशी स्पर्धा करावी न लागण्याची खात्री. म्हणजे कडक नियम आणि शेतकऱ्याचा भाव या एकमेकींच्या विरोधातील गोष्टी नाहीत. पहिल्यावाचून दुसरा टिकणे कठीण आहे.

घरातील ज्येष्ठांसाठी

आता आपल्या डबीकडे येऊ. वनस्पती दुर्मिळ झाली की बाजारातून नाव जात नाही, नावाखालची वस्तू बदलते. खऱ्या अशोकाच्या सालीच्या जागी शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या उंच, सरळसोट ‘अशोका’ची साल येते; त्या दोहोंचे कुळही एक नाही. सर्पगंधेच्या जागी मूळच्या अमेरिकेतील एका सजातीय झुडपाची मुळी मिसळली जाते. तिच्यातील द्रव्यांचे प्रमाण वेगळे असते. रोग्याला गुण येत नाही, किंवा मात्रा चुकते. दोष मात्र औषधाला, वैद्याला नाही तर नशिबाला दिला जातो. रानातील ऱ्हासाची किंमत अशा रीतीने अखेरीस रुग्णच मोजतो.

सर्पगंधेच्या बाबतीत आणखी सावधगिरी हवी, कारण ती खरी असली तरी निरुपद्रवी नाही. तिच्यातील रिसर्पीन मज्जासंस्थेतील संदेशवाहक द्रव्यांचे साठे कमी करते. त्याने रक्तदाब उतरतो, पण मन खिन्न होणे, नाक चोंदणे, नाडी मंदावणे, जठरव्रण वाढणे, उभे राहताच भोवळ येणे आणि कंपवातासारखी लक्षणे दिसणे हेही होऊ शकते. वृद्धापकाळी भोवळ म्हणजे पडणे, आणि पडणे म्हणजे पुष्कळदा खुब्याचे हाड मोडणे. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. सर्पगंधेची मुळी, चूर्ण किंवा घनवटी स्वतःच्या मनाने सुरू करू नये आणि चालू असेल तर मनाने बंदही करू नये. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा नैराश्याच्या अन्य गोळ्या चालू असतील तर दोन्ही वैद्यांना ते आवर्जून सांगावे. पूर्वी नैराश्य किंवा जठरव्रण झाला असेल, किंवा कंपवात असेल, तर हे औषध टाळण्याविषयी वैद्यांशी बोलावे.

२. आजीआजोबांच्या वागण्यात नव्याने उदासी, गुंगी किंवा मंदपणा दिसला, तर ‘वयामुळे’ असे म्हणून सोडून देऊ नये. कोणती चूर्णे व गोळ्या चालू आहेत, त्यांची यादी करून डॉक्टरांना दाखवावी.

३. सुट्या, नावगाव नसलेल्या मुळ्या व पुड्या घेऊ नयेत. वेष्टनावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, घटकांची शास्त्रीय नावे आणि मुदत पाहावी. ‘थेट रानातून आणलेले’ ही जाहिरात शुद्धतेची हमी नाही. मूळ किंवा कंद असेल तर ती काळजीची खूण आहे. दुकानदाराला ‘हे लागवडीचे आहे का?’ असे विचारावे. उत्तर मिळो वा न मिळो, ग्राहक हा प्रश्न विचारू लागले की तो पुढे कारखान्यापर्यंत जातो.

४. परदेशी राहणाऱ्या मुलांकडे जाताना जटामांसी, कुटकी, कोष्ठ किंवा सर्पगंधा यांच्या सुट्या मुळ्या सामानात नेऊ नयेत. आपल्या हेतूत खोट नसली, तरी परवान्याशिवाय त्या सीमेवर अडवल्या जाऊ शकतात. डॉक्टरांनी दिलेली औषधे मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्यावीत.

५. ज्या तक्रारीला फळाने, पानाने किंवा कुंडीत वाढणाऱ्या वनस्पतीने उतार पडतो, तेथे मुळीचा आग्रह धरू नये. पर्याय कोणता, हे आपल्या वैद्यांनाच विचारावे. पुष्कळ वैद्य अशा पर्यायांचा विचार आनंदाने करतात.

पत्रलेखकांच्या तक्रारीचे उत्तर आता देता येईल. मुळी हातची गेली ती कायद्यामुळे नव्हे. कायदा आला तेव्हा रान बरेच रिते झाले होते. तो अधिक चांगला हवा, खणणाऱ्याला न्याय देणारा हवा, तयार मालाच्या डबीपर्यंत पोहोचणारा हवा, ही मागणी मात्र रास्त आहे आणि ती करण्याचा अधिकार औषध घेणाऱ्यांना सर्वांत अधिक आहे. ज्या पिढीने सर्पगंधेची खरी मुळी हातात घेऊन पाहिली, तिच्या शब्दाला या बाबतीत वजन आहे. आपल्या ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आहे का, ती काय करते, हे एकदा विचारून पाहावे; त्या समितीच्या नोंदवहीत परिसरातील वनस्पतींची माहिती लिहायची असते आणि जुन्या माणसांइतकी ती माहिती दुसऱ्या कोणाकडे सापडेल?